काळ्या डायलच्या फोनचं एवढं काय आहे, आणि तो आज चालू होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात आजोबांच्या वेळचा काळा, जड, डायलचा फोन पडून आहे, घरातले म्हणतात भंगारात द्या, पण द्यायला जीव होत नाही. लोकांना या जुन्या वायरवाल्या फोनचं अजून एवढं का वाटतं, त्या नुसत्या आठवणी आहेत की खरंच त्यात काही आहे, आणि तो परत चालू करता येईल का.

मी आधी टेलिफोन खात्यात इन्स्ट्रुमेंट आणि लाइनच्या कामावर होतो, आता जुने फोन दुरुस्त करून देतो. आठवणींचा भाग मी सरळ बाजूला ठेवतो. कारण माझ्याकडे फोन घेऊन येणाऱ्यांत बरीच पोरं अशी असतात की ज्यांनी आयुष्यात डायल फिरवलेली नाही, त्यांना कसल्या आल्यात आठवणी, पण एकदा हातात घेतला की खाली ठेवत नाहीत, डायल फिरवत बसतात. म्हणजे वस्तूतच काहीतरी आहे.

आणि माझं मत विचाराल तर त्याचं मुख्य कारण एकच आहे, तो फोन तुमच्या आजोबांचा कधी नव्हताच. खात्याचा होता. तेव्हा कनेक्शन मिळालं की इन्स्ट्रुमेंट खात्याकडून यायचं आणि खात्याचंच राहायचं, आपण बिलात भाडं भरायचं. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वेटिंग असायचं म्हणून मोठी रक्कम आधी भरून रांगेत पुढे जायची एक स्कीम होती, ओवायटी, म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’, आणि नाव असं भारदस्त असलं तरी इन्स्ट्रुमेंट त्यातही खात्याचंच! आता बघा, बनवून घेणारं खातं, भाडं घेणारं खातं, दुरुस्त करणारं खातं आणि बिघडला की सायकलवरून माणूस पाठवायचा तो खर्चही खात्याचाच. मग दोन वर्षांत फेकायला लागेल असा फोन कोण कशाला बनवेल? जेवढ्या कमी तक्रारी तेवढा फायदा, इतका साधा हिशोब. कोणी कनेक्शन बंद केलं तर सेट जमा व्हायचा, साफसूफ करून, कॉर्ड बदलून दुसऱ्याच्या घरी लागायचा. तुमच्याकडचा फोन आधी भलत्याच कुठल्या घरात वाजला असेल, सांगता येत नाही.

आपल्याकडे घरोघरी दिसायचे ते काळे सेट बहुतेक आयटीआयचे, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बंगळूरचं दूरवाणीनगर. १९४८ ला कारखाना निघाला तो लिव्हरपूलच्या एका ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक मदतीने, त्यामुळे घडण बरीचशी ब्रिटिश वळणाची. आणि ते वळण तरी कुठून आलं तर नॉर्वेतून, १९३१-३२ च्या सुमाराला एरिक्सन कंपनीसाठी जाँ हायबर्ग नावाच्या चित्रकार-शिल्पकाराने बॅकेलाइटच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या कडक प्लॅस्टिकच्या, फोनचं रूप ठरवलं, ब्रिटिश पोस्ट खात्याने १९३७ च्या सुमाराला त्याच वळणाचा आपला सेट काढला आणि तिथून ते आपल्या दिवाणखान्यात येऊन बसलं. म्हणून त्याला खांदे आहेत, कंबर आहे, वर क्रेडलची, म्हणजे हँडसेट ठेवायच्या जागेची, दोन शिंगं आहेत. इंजिनिअरने एकट्याने केलं असतं तर डबा झाला असता, हे मी स्वतः त्या लाइनीतला असून सांगतो.

खरी मजा उघडल्यावर आहे. तळाचे स्क्रू काढले की अख्खा सेट समोर. पुष्कळ सेटमध्ये तळाच्या पत्र्याला आतून सर्किटचा कागदच चिकटवलेला सापडतो, म्हणजे जो कोणी उघडेल त्याला बाहेरून काही शोधत बसायला नको. कॉर्डच्या वायरींना टोकाला चिमट्यासारखे टॅग असतात आणि ते स्क्रूखाली दाबलेले, सोल्डरिंग नाही, लाइनमनने एका स्क्रूड्रायव्हरवर तुमच्या समोर बसून कॉर्ड बदलायची आणि चहा पिऊन निघायचं. डायल अख्खी बाहेर निघते, दुसरी बसते. माइक फिरवून काढायचा, तसाच रिसीव्हरचा कॅपसूल. आज हातातला मोबाइल उघडायचा म्हटलं तर हीट गन लागते, उगाच नाही लोकांना जुन्याचं प्रेम वाटत.

आता डायल. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त जीव लोकांचा हिच्यावर जडतो. बोट घालून अडसरापर्यंत फिरवता तेव्हा लाइनीवर काहीही जात नाही, नुसती आतली स्प्रिंग भरते. नंबर जातो तो डायल परत येताना. ३ फिरवला तर येताना लाइन तीनदा तुटते आणि जुळते, ० फिरवला तर दहादा, आणि वेग ठरलेला, सेकंदाला १० पल्स. हा वेग तुमच्या बोटाच्या हातात नाही, आत एक छोटा गव्हर्नर असतो, दोन चिमुकली वजनं गरागरा फिरताना बाहेर फेकली जातात आणि भोवतीच्या कपाला घासून वेग धरून ठेवतात, तो जो ‘खर्रर्र’ आवाज येतो ना, तो त्याचाच. त्यामुळे तुम्ही कितीही घाईत असा, ० ला सेकंदाच्या वर लागतोच, आणि बोटाने ढकलून घाई केलीत तर राँग नंबर. फिरवताना कानात टकटक येऊ नये म्हणून डायल जागेवरून हलली की रिसीव्हर शॉर्ट करणारे वेगळे काँटॅक्टसुद्धा आत दिलेले असतात. इतका विचार!

आणि पलीकडे, म्हणजे गावातल्या सगळ्या लाइनी जिथे येऊन एकमेकींना जोडल्या जायच्या त्या एक्स्चेंजमध्ये, काय व्हायचं ते तर आता कोणाला खरंच वाटत नाही. जुनी एक्स्चेंज स्ट्राउजरची होती. अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतला अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस, त्याने १८९१ मध्ये या ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं पेटंट घेतलं. त्यात तुम्ही घरात बसून ४ फिरवला की एक्स्चेंजमध्ये तुमच्या नावाने उचललेला सिलेक्टर, म्हणजे वाट जोडून देणारं यंत्र, खरोखर चार पायऱ्या वर चढायचा आणि मग आडवा फिरून मोकळी वाट शोधायचा. म्हणजे तुमचं बोट इथे फिरतंय आणि दोन-तीन किलोमीटरवर लोखंड-पितळ हलतंय. सकाळी दहा-अकराला गर्दीच्या वेळी त्या हॉलमध्ये उभं राहिलं तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. नंतर क्रॉसबार आली, मग इलेक्ट्रॉनिक आली, सी-डॉट या सरकारी संस्थेची देशी एक्स्चेंज आली, ते सगळं चांगलंच झालं, पण डायल जन्माला आली ती त्या सिलेक्टरसाठी.

घंटीचं पण सांगतो. आत दोन वाट्या असतात, दोघींचा सूर किंचित वेगळा, मध्ये एक टोला. एक्स्चेंजकडून साधारण ७५ व्होल्टचा एसी येतो, फ्रीक्वेन्सी फार कमी, २०-२५ हर्ट्झच्या घरात, त्यावर टोला इकडून तिकडे आपटतो. आपल्याकडे ठेका ब्रिटिशांसारखा, ०.४ सेकंद वाजणार, ०.२ थांबणार, परत ०.४, मग २ सेकंद शांत, म्हणून आपण ‘ट्रिंग ट्रिंग’ म्हणतो, अमेरिकेतल्यासारखी एकच लांबलचक घंटी आपल्याकडे नाही. (हात ओला असेल आणि नेमकी रिंग आली तर चांगला झटका बसतो, म्हणून लाइन जोडलेली ठेवून आत बोटं घालू नका.) या वाट्यांचं भोक मुद्दाम मधोमध नसतं. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की टोल्यापासूनचं अंतर कमी-जास्त होतं. बसकी घंटी एवढ्यानेच बरेचदा खणखणीत होते.

बोलण्याचा भाग मात्र लोक नीट सांगू शकत नाहीत, ‘आवाजच वेगळा होता हो’ एवढंच म्हणतात. आवाज काही फार शुद्ध नव्हता, ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा, कार्बनचा माइक, त्यात कोकणातल्या पावसाळी हवेने कार्बनचे दाणे धरून बसले की खरखर, मग हँडसेट तळहातावर दोनदा आपटायचा. मग चांगलं काय होतं? दोन गोष्टी. एक, तुम्ही बोललेलं तुमच्याच कानात थोडंसं परत यायचं, याला साइडटोन म्हणतात, सर्किटमधली इंडक्शन कॉइल तो मापात ठेवते, पार काढून टाकत नाही. स्वतःचा आवाज ऐकू आला की माणूस आपोआप हळू बोलतो. मोबाइलवर तो पुरेसा मिळत नाही म्हणून बसमध्ये लोक अख्ख्या गाडीला ऐकवत असतात. दुसरी गोष्ट उशीर. तांब्याच्या लाइनीवर गावातल्या गावात बोललात तर आवाज पोचायला काही मिलिसेकंद लागायचे, म्हणजे नाहीच म्हणा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूने १५० मिलिसेकंदापर्यंत ठीक आहे, पण मोबाइल ते मोबाइल, त्यातून व्हॉट्सअॅप कॉल असला तर हे बरेचदा त्याच्या पुढे जातं, आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘हां तू बोल, नाही नाही तू बोल’. भांडण करायला, हसण्यावर हसायला, समोरच्याचा नुसता ‘हं’ ऐकायला उशीर नसलेली लाइनच लागते.

लाइट गेल्यावरही फोन चालायचा हे सगळ्यांना आठवतं पण का ते बहुतेकांना माहीत नसतं. तुमच्या फोनला लागणारी वीज तुमच्या घरातली नव्हतीच. एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये २-२ व्होल्टचे २४ मोठे लेड अॅसिड सेल ओळीने जोडलेले, एकूण ४८ व्होल्ट, आणि मागे जनरेटर. त्यातही पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेलं, लाइन उणे ४८ वर, कारण उलटं केलं तर ओलाव्यात तांबं झिजून केबल खाल्ली जाते. बॅटरी रूममध्ये अॅसिडचा वास, भिंतींना तो ठरावीक रंग, आणि सेलची रोजची रीडिंग लिहिलेली वही. सोसायटीतली बत्ती गुल असताना फोन लागायचा तो त्या वहीच्या जिवावर.

घरातल्या जागेचं काय, तर तो फोन कुठेही नेता यायचा नाही आणि हेच मला वाटतं तरुण लोकांना आज आवडतंय. हॉलमध्ये स्टुलावर, खाली क्रोशाचा रुमाल, शेजारी डायरी आणि दोरीला बांधलेलं पेन. फोन माणसाला नाही, घराला यायचा. ज्याने उचलला त्याने आधी दोन वाक्यं बोलायची, मग हाक मारायची. ज्यांच्याकडे नव्हता ते आपल्या कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ लिहायचे, आणि शेजारची काकू गॅलरीतून ओरडायची, तुमचा फोन आलाय, होल्डवर आहे. बिल वाढू नये म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप लावायचे, आणि त्यावर पोरांनी उपाय शोधला होता, क्रेडलचं बटण बोटाने टकटक दाबून नंबर लावायचा, ४ साठी चार टिचक्या, थोडं थांबून पुढचा आकडा. हे चालायचं कारण डायलसुद्धा शेवटी लाइन तोडते आणि जोडते, बटण दाबून तेच होतं, फक्त हाताला ठेका पाहिजे. आणि दोन खोल्यांत पॅरलल फोन असले तर एकीकडे डायल फिरली की दुसरीकडची घंटी बारीक टिणटिण करायची, आईला स्वयंपाकघरात बसून कळायचं की बाहेर कोणीतरी फोन लावतंय.

पण उगाच डोक्यावर घेऊ नका. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोन आठ-आठ दिवस डेड, क्रॉस कनेक्शनमध्ये तिसऱ्याचंच लग्न जमतंय ते ऐकायचं, ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून लावून घ्यायचा परगावचा फोन, बुक करून दिवस घालवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर, एसटीडी, म्हणजे परगावी थेट स्वतः नंबर फिरवणं, आपल्या देशात १९६० मध्ये कानपूर-लखनौला सुरू झालं तरी गावोगावी पोचायला किती काळ गेला. ते दिवस परत यावेत असं लाइनवर काम केलेला कोणीही म्हणणार नाही. मी वस्तूबद्दल बोलतोय, व्यवस्थेबद्दल नाही.

आता तुमचा फोन चालू होईल का? बहुतेक होईल. आधी हे तपासा की तो खरा आहे. घरातलाच असेल तर प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घ्यायला जाणार असेल तर पितळेचे चकचकीत, उंच दांड्याचे ‘अँटिक’ फोन दिसतील, त्यातले बहुतेक शोभेसाठी आजकाल बनवलेले, डायलच्या जागी नुसती गोलात मांडलेली बटणं असतात. डायल फिरवून सोडा, खर्रर्र करत एकसारखी परत आली तर पुढे बोला. खरा बॅकेलाइटचा फोन हाताला जड आणि किंचित गार लागतो, हँडसेट उलटा करून बघा, बारीक तडा कानाजवळच्या वळणावर असतो, आणि तडा गेलेला बॅकेलाइट नीट जोडला जात नाही हे लक्षात ठेवून भाव करा.

तांब्याची लाइन अजून असेल तर नशीब, दोन वायरी रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या छोट्या डबीला, जोडा, झालं. पण बहुतेक ठिकाणी आता फायबर आलंय. फायबरच्या डब्यावर, ओएनटी म्हणतात त्याला, फोनची एक छोटी जागा असते, जुनी कॉर्ड कापू नका, रोझेटपर्यंत तशीच ठेवा आणि रोझेटपासून पुढे मधल्या दोन पिनांवर येणारी तयार वायर लावा. फोन उचलल्यावर डायल टोन आला म्हणजे अर्धं काम झालं. येणारे कॉल घेता येतील. नंबर फिरवून लागेलच असं नाही कारण यातले बरेच डबे फक्त बटणांचे टोन ओळखतात, पल्स ओळखत नाहीत. त्यासाठी पल्सचे टोन करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो मध्ये टाकायचा. घंटी अशक्त वाजेल, कारण एक्स्चेंजएवढी ताकद त्या डब्यात नसते. वर सांगितलं तसं वाटी फिरवून बघा, टोल्याला एका बाजूला ओढणारी बारीक स्प्रिंग असते ती थोडी सैल करा, आणि एका डब्यावर असे दोन फोन लावू नका. आणि हो, लाइट गेल्यावर आता हा फोन बंद पडणार, कारण तो डबा तुमच्या घरच्या विजेवर आहे, राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस त्याच्या व्होल्टेजचा बघून लावलात तर तेवढं दुःख टळेल.

लँडलाइन नकोच असेल तर ब्लूटूथचे डबे मिळतात, तुमचा मोबाइल त्याला जोडायचा, मोबाइल वाजला की काळा फोन वाजतो. काही डबे पल्स ओळखतात, काही नाही, घ्यायच्या आधी हाच एक प्रश्न दुकानदाराला विचारा, त्याला कळलाच नाही तर दुसरीकडे जा. यात उशीर मोबाइलचाच राहणार, वर ब्लूटूथचा थोडा, पण साइडटोन आणि हँडसेटचं वजन मिळतं, आणि खांद्यावर धरून भाजी चिरता येते.

माइक बसला असेल तर आधी आपटून बघा, नाही सुधारला तर त्याच मापाचा दुसरा कॅपसूल जुन्या बाजारात सुट्या भागांत सापडतो. आणि साफ करताना थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर बिलकुल नको, ओल्या फडक्याला थोडा साबण, लगेच कोरडं पुसायचं, शेवटी थोडं पॉलिश कापसाने, तेही हलक्या हाताने, कारण वरचा चकचकीत थर गेला की आतला भुकटीचा भराव उघडा पडतो आणि मग तो कधीच चमकत नाही. डायल अडखळत असेल तर लोक सरळ स्प्रेचा डबा घेऊन आत फवारतात. करू नका. तेल गव्हर्नरच्या कपात गेलं की घासणंच बंद, डायल सुसाट परत येते आणि एकही नंबर बरोबर लागत नाही, मग ती सगळी सोडवून स्पिरिटने धुवायला लागते. टाचणीच्या टोकाएवढं घड्याळाचं तेल, तेही गव्हर्नरच्या आसाच्या दोन टोकांना. नंतर ० फिरवून सोडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा, साधारण सव्वा सेकंदाच्या आसपास परत आली तर डायल ठीक आहे, पुढे वायरिंगला हात घाला.